तिसरीच्या प्रवेशाला बसलेलं बटण

मी एक बटण बोलतोय. तपकिरी, चार छिद्रांचं, आणि त्यातल्या एका छिद्रापर्यंत टवका उडालेलं. माझं तारुण्य एका कारकुनाच्या कोटावर, पोटाच्या अगदी समोर गेलं. तो जेवून उठला की माझा जीव टांगणीला लागायचा. एके दिवशी तुटून फरशीवर आपटलो आणि टवका गमावून बसलो. नोकरीला निरुपयोगी ठरलो, म्हणून शिक्षणक्षेत्रात आलो.

एका शाळेत तिसरीच्या प्रवेशाआधी मुलांची विचारशक्ती तपासतात. परीक्षक बाई आम्हा चाळीस बटणांचा डबा टेबलावर ओततात आणि म्हणतात, "यांचे गट कर बरं." लहान मूल नुसता रंग बघतं, सात-आठ वर्षांचं झालं की रंग, आकार दोन्ही एकदम ध्यानात ठेवतं, असं बाईंच्या पुस्तकात आहे. पुस्तक खोटं नसेल. पण दाराबाहेरचे आईबाप पुस्तकाच्याही पुढे गेलेत.

"आधी रंग, मग आकार, मग छिद्रं. म्हण!"

"बाबा, पण बटणं कशी असतील?"

"बटणांकडे कशाला बघायचंय तुला? क्रम पाठ कर."

पोरं आत येतात, क्रम म्हणतात, बाई खुणा करतात. विचारशक्तीची परीक्षा दोन मिनिटांत उरकते.

एकदा कपडे शिवणाऱ्या एका बाईंची मुलगी आली. मोठा भाऊ याच शाळेत. हिला जागा मिळाली नाही, तर आईला रोज शहराच्या दोन टोकांना धावावं लागणार होतं. आई दाराशी उभी होती.

मुलीने आम्हाला एकेक करून उजेडात धरलं, नखाने चाचपलं. मग तीन ढीग केले आणि मला एकट्याला बाजूला ठेवलं.

"अगं, लाल-निळं सगळं मिसळलंस की!" परीक्षक बाई म्हणाल्या.

"ही शर्टाची, ही कोटाची, ही उशीच्या अभ्र्याला चालतील."

"आणि हे एकटं?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ते कशालाच नको. त्याचं छिद्र फुटलंय, दोरा कापला जाईल."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला नीट पाहिलं होतं. नापास केलं, पण पाहून केलं.

बाईंच्या कागदावर तीनच चौकोन होते: रंग, आकार, छिद्रं. त्यांचाही जीव कळवळला. "रंग सांग ना गं, सोन्या," त्या हळूच म्हणाल्या.

"रंग तर दिसतोच की, बाई."

तिन्ही चौकोनांत शून्य पडलं. आई मुख्याध्यापकांकडे गेली. "सर, ती विचार करूनच बोलली हो."

"तेच तर," सर समजुतीने म्हणाले, "इतका वेळ लावला तर बाकीच्या मुलांचं कसं व्हायचं?"

जागा मिळाली नाही. पुढे बाईंनी शिक्षकांच्या सभेत ही हकिकत सांगितली. सगळ्यांनी वाहवा केली आणि कागदावर चौथा चौकोन आला: 'उपयोग'. महिन्याभरात दाराबाहेर नवा पाठ सुरू झाला. "रंग, आकार, छिद्रं, आणि तपकिरी बटण दोरा कापतं!"

मग मला काढून माझ्या जागी नवं, धडधाकट तपकिरी बटण ठेवलं. त्या बिचाऱ्यालाही पोरं न बघता दोरा कापणारं म्हणतात, आणि त्यांना पूर्ण गुण मिळतात.

मी आता बाईंच्या खणात पडून असतो. माझी एकच विनंती आहे. कुणी त्या बाजूला गेलात, तर त्या मुलीला सांगा की तिचं उत्तर बरोबर होतं. शाळेने अजून कळवलेलं नाही. तिची आई सकाळी भेटणार नाही. ती धावत असते.