शुक्रवारचे मासे

मुग्धा दुबईच्या एका टोकाहून, सिलिकॉन ओएसिसहून, अल नहदाला डोरोथीबाईंच्या घरी आली ती लॅपटॉप उराशी धरूनच. त्यांचा सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा लेख तिला सापडला होता आणि 'कादंबऱ्यांतलं जेवण आणि धर्म' या विषयावरच्या तिच्या पीएचडीचं चौथं प्रकरण त्यावरच उभं होतं.

"आन्टी, त्या जेवणावर तुमच्याशिवाय कुणी लिहिलेलंच नाही. सोमवारी थीसिस सबमिट करायचाय. एकदा नजर टाका ना."

लेख एका जुन्या अमेरिकन कादंबरीवरचा. बोटीवर गेलेला मुलगा बुडतो आणि त्यानंतरच्या शुक्रवारी आई घरच्यांना नुसते मासे वाढते. डोरोथी तेव्हा वसईत नवी लेक्चरर होती. लहानपणी त्यांच्या कॅथलिक घरी शुक्रवारी प्रायश्चित्त म्हणून मटण शिजत नसे, मासेच असत. तिनं बेधडक लिहून टाकलं, की ही आई मुलाला समुद्रावर धाडल्याचं प्रायश्चित्त घेते आहे. अंक छापून आला तेव्हा वडिलांनी तो रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर अख्ख्या गावाला दाखवला होता. तिच्या नावावर छापलेलं तेवढं एकच.

पुढे लग्न होऊन ती दुबईला आली. नव्वद साली ऊद मेथाच्या बिल्डिंगमधल्या अमेरिकन शेजारणीला तिनं मोठ्या कौतुकानं हा मुद्दा सांगितला, तर ती बाई पोट धरून हसली. कट्टर प्रॉटेस्टंटांचं गाव ते, पोपला खिजवायला शुक्रवारी मुद्दाम मटण खातील, म्हणाली. डोरोथीनं कादंबरी पुन्हा उघडली. त्या घरात मंगळवारीही मासेच होते, शनिवारीही. समुद्रकाठची गरीब माणसं, दुसरं काय खाणार? त्यानंतर तिनं लेखाचं नाव काढलं नाही.

"वाच की गं," तिचा नवरा सेबॅस्टियन सोफ्यावरून म्हणाला. "मोठ्या पुस्तकात जाणार तू. फादरना चर्चमध्ये जाहीर करायला सांगून ठेवू?"

"जरा गप्प बसा तुम्ही." डोरोथीनं चष्मा काढला. "मुग्धा, हे चूक आहे."

सगळं ऐकून मुग्धाचा चेहरा उतरला. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"नव्वदपासून."

"आणि कुठेच कळवलं नाहीत?"

"कोण वाचत होतं? आणि माझं म्हणून तेवढंच होतं."

"खलास. चोवीस पानं गेली माझी." मुग्धानं स्क्रीनवर ती पानं वर-खाली केली. मग हळू आवाजात म्हणाली, "लेख काढला तर तुमचं नावच जाईल. ठेवला तर चुकीचा म्हणून ठेवावा लागेल, आन्टी."



"ठेव," डोरोथी म्हणाली. "कॅथलिक मुलीला दुसऱ्याच्या ताटात आपलाच शुक्रवार दिसला, असं लिही. तुझ्या विषयात बसतं ते."

"पण आधार काय देऊ? हे छापलेलं कुठे आहे?"

"मी बसलेय ना समोर. प्रत्यक्ष मुलाखत, अल नहदा, आणि आजची तारीख."

मुग्धानं टाइप करायला घेतलं. "नाव?"

"डोरोथी डाबरे. माहेरचं लिही. लेख त्याच नावानं आहे."