सोसणारीची जागा

नौपाड्यातल्या आमच्या शाळेत रत्नदीप सर नाटक घेऊन आले, ते मुलांनी एकमेकांना छळू नये, शाळेत शांतता नांदावी म्हणून. मला शांतता नको होती. मला ऋजुता हवी होती.

नववीचं अख्खं वर्ष, मी बाकावरून उठले की ऋजुता त्यावर सॅनिटायझर मारून पुसायची. "सवय गं, मनावर नको घेऊस," म्हणून गोड हसायची. ही सवय तिला फक्त माझ्याच जागेपुरती होती. वर्ग खिदळायचा. तिच्या शेजारी बसणारी मेघना हसायची नाही, पण मान खाली घालून वही उघडायची. आम्ही दोघी माजिवड्याच्या एकाच चाळीतल्या, लहानपणापासून एकाच बुद्धविहारात जाणाऱ्या. वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही एका रिक्षाने निघायचो, पण ती आधीच्या चौकात उतरून एकटी चालत यायची. घाबरते बिचारी, म्हणून मी समजून घ्यायचे. मूर्खच मी.

सरांच्या नाटकाचा नियम सोपा होता. प्रसंग बघवला नाही तर कुणीही "थांबा" म्हणायचं, मंचावर यायचं आणि सोसणारीची जागा घेऊन काही वेगळं करून बघायचं.

"छळणारीचं काम कोण करेल?" सरांनी विचारलं. माझा हात पहिला वर गेला.

"आणि सोसणारीचं?" मी ऋजुताकडे बोट दाखवलं.

ती बाकावर बसली. मी तिला उठवलं, बाक पुसला. पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं, पुन्हा पुसला. "सवय गं, मनावर नको घेऊस." चौथ्या खेपेला तिचे ओठ थरथरले, डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"थांबा!"

मेघना होती. धावत वर आली, ऋजुताचा हात हातात घेतला आणि तिच्या जागी बसली. "पुरे ना दर्शना आता. रडतेय ती."

वर्षभर माझ्यासाठी न फुटलेला आवाज तिच्यासाठी दोन मिनिटांत फुटला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ऊठ," मी म्हटलं. "तुझ्या मागेही पुसायला लागेल. आपण एकाच चाळीतल्या ना? ऋजुताला सांगितलं नाहीस अजून?"

कुणी हसलं नाही. ऋजुताने मेघनाच्या हातातून आपला हात सोडवला आणि स्कर्टला पुसला. मुद्दाम नसेल पुसला. पण सगळ्यांनी पाहिलं, मेघनानेही.

"आता आपण यावर बोलूया," म्हणत सर घाईघाईने पुढे आले. मेघना जागची हलली नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"झालं समाधान?"

"हो," मी म्हणाले.

खरंच झालं होतं, आणि तिला ते दिसत होतं.