नऊ मिनिटांचा मंत्र

"तिला काढा, नाहीतर मला मोकळं करा," थोरली नटी आरशालाच सांगत होती. "ती उभी राहिली की दिवा जातो. माझ्या वेळी बरा जळतो मेला."

विंगेत वायर गुंडाळणाऱ्या बत्तीताईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. 'ती' म्हणजे नवी मुलगी. दुसऱ्या अंकात तिचं वीस मिनिटांचं स्वगत होतं, आणि तीन दिवस ते संपत आलं की डोक्यावरचा मोठा स्पॉट विझायचा. आजही विझला होता, आणि सगळी मंडळी रंगमंचावर, दिवा मंतरायला बोलावलेल्या तेजोबाबांभोवती गोळा झाली होती.

"या दिव्याची नाडी या कन्येच्या नाडीशी भांडते आहे," बाबा डोळे मिटून म्हणाले. "वरच्या लहरी खाली, खालच्या वर. बटणाला कुणी हात लावू नका, लहर उलटेल."

मग घंटा, मग पुटपुट, मग पुन्हा घंटा. आणि भक्कन दिवा लागला. मॅनेजरनं हात जोडले. शिंप्यानं तर चपला काढल्या.

"तीनदा लावून दिला. कायमचा उपाय एकच," बाबा म्हणाले. "कन्या बदला."

मुलगी संवादाच्या कागदाची घडी घालत राहिली. घडी आणखी बारीक होईना, तरी घालत राहिली. मॅनेजर जमिनीकडे बघत पुटपुटला, "उद्यापासून दुसरी बघतो."

बत्तीताईच्या डोक्यात वेगळंच काही टोचत होतं. मंत्र म्हणताना बाबांनी बाही सारून घड्याळ पाहिलं होतं. तिच्या वहीत तिन्ही दिवसांची नोंद होती: नऊ मिनिटं, नऊ, नऊ.

कंपनीच्या जुन्या बत्तीवाल्या काकांनी शिकवलेल्या क्रमानं तिनं सगळं तपासलं होतं. फ्यूज, प्लग, वायर, होल्डर. लॅम्पही नवा घातला होता. स्पॉटच्या मागचं, आतल्या पंख्याचं झाकण तेवढं उघडलं नव्हतं, कारण काका म्हणाले होते, "तो मी कालच झाडलाय." बाईला कुणी विजेच्या बोर्डाजवळ फिरकू देत नव्हतं, तेव्हा काकांनीच तिच्या हातात टेस्टर दिला होता. त्यांचा शब्द ती कधी तपासत नसे. बाबांनाही काकांनीच आणलं होतं.

"मॅनेजर, अर्धा तास द्या," ती म्हणाली. "मुलगी मागे शेवटच्या रांगेत बसेल. बाबा, तुम्ही बाहेर चहा घ्या. सावकाश."

रिकाम्या रंगमंचावर स्पॉट पेटला. अठराव्या मिनिटाला विझला. सगळ्यांनी वळून शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि ओशाळून माना फिरवल्या. नऊ मिनिटांनी तो आपोआप लागला. बाबा तेव्हा बाहेर चहात बिस्किट बुडवत होते.

"आमच्या लहरी लांबूनही पोचतात," आत येत ते म्हणाले.

"मग बघू या, पंख्यापर्यंत पोचल्यात का."

तिनं मेन बंद केला, दिवा निवू दिला आणि शिडी चढली. मागचं झाकण उघडलं. पंखा धुळीच्या गोधडीत रुतून बसला होता. ही कालची धूळ नव्हती. वर्षादोन वर्षांची होती. ती वर गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ थांबली.

खाली उतरून तिनं ती धूळ बाबांच्या पुढ्यात टाकली.

"हवा नाही म्हणून दिवा तापतो. तापला की जळू नये म्हणून आतला छोटा स्विच वीज तोडतो, निवला की जोडतो. बाकीच्यांवर हा स्पॉट पाच मिनिटं असतो, तेवढ्यात तो तापत नाही. हिच्यावर वीस. बाबा फक्त दिवा निवेपर्यंत बोलतात, एवढीच विद्या."

बाबांनी घंटा पिशवीत टाकली.

"आणि आपण?" ती मंडळींकडे वळली. "मीसुद्धा तीन दिवस हिच्या नजरेला नजर दिली नाही. दिवा बिघडला तर दिवा उघडायचा, माणसाला कसलं बदलता? खालच्या माणसावर ठपका ठेवण्याआधी वर चढून बघावं. त्याला काय सिद्धी लागते? कुणालाही जमतं."

कोपऱ्यात खुर्चीत बसलेल्या काकांकडे कुणी पाहिलं नाही, आणि ते न पाहणं इतकं जुनं, इतकं सरावाचं होतं की बत्तीताईला कळलं: काका आता पंखा झाडत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. तिलासुद्धा होतं.

काका खुर्चीचा हात धरून उठले. बत्तीताईला टाळून ते मुलीकडे वळले.

"पोरी, तुझा काही दोष नव्हता. नऊ मिनिटं या बाबाला मीच सांगितली." त्यांनी वर स्पॉटकडे पाहिलं. "दोन वर्षं झाली. मला शिडी चढवत नाही."