तारेचं दुसरं टोक

"ती तार आधी काढ," नवरा मोरीतून ओरडला. तोंडाला दाढीचा फेस, हातात ब्रश.

"ऐकून झालं की काढते," बायको म्हणाली आणि रेडिओचं मागचं झाकण बसवायला लागली.

पंखे दुरुस्तीच्या दुकानात वाइंडिंग करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तांब्याच्या तारेशी तिचं जेवढं पटायचं, तेवढं नवऱ्याशी कधी पटलं नाही. तार वळवली की निदान वळते तरी. हा गृहस्थ कारखान्यात मुकादम होता, तो घरी आल्यावरही मुकादमच राहिला.

परवा तिचा भाऊ येऊन सांगून गेला होता, की या दोघांची पोरगी लांबच्या एका रेडिओ केंद्रावर सकाळचा कार्यक्रम सांगते. सासरी नवऱ्याचा मार खाऊन माहेरी परत आलेल्या त्याच पोरीला बापानं उंबऱ्यातूनच परत पाठवलं होतं. म्हणे, दिल्या घरीच राहायचं. ती तिथंही राहिली नाही आणि इथंही आली नाही. त्या दिवशी आई दाराआड उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही.

घरातल्या रेडिओवर ते केंद्र लावलं की नुसती खरखर. म्हणून तिनं आतल्या, लहरी पकडणाऱ्या काळ्या दांडीवर आपल्या हातानं तारेचे आणखी वेढे घातले. एक टोक नळाला गुंडाळलं, दुसरं खिडकीतून नेऊन अंगणातल्या खांबाला उंच बांधलं. टोकांवरचं वार्निश ब्लेडनं खरवडायला ती विसरली नाही. ते राहिलं तर तार नुसती शोभेची.

"तिचं नाव या घरात घ्यायचं नाही, सांगितलंय ना?"

"मी कुठं घेतेय? तीच घेईल."

बटण फिरलं. खरखरीतून आधी सनईसारखं काहीतरी आलं, मग बाईचा आवाज. स्वच्छ, शेजारच्या खोलीतून यावा तसा. आवाजानं नमस्कार केला आणि नाव सांगितलं. नुसतं नाव. पुढं ना बापाचं, ना नवऱ्याचं.

नवरा तिरासारखा अंगणात गेला. "शेजारीपाजारी ऐकतायत," म्हणत त्यानं खांबावरची तार हिसकली. गाठ सुटली, तार त्याच्या हातात आली आणि आवाज खरखरीत बुडाला.

बायको ना रडली, ना आरडली. तशीच खिडकीत उभी राहिली.

"एकदा तुम्ही तिला घालवलंत, तेव्हा मी गप्प बसले," ती म्हणाली. "आज बसणार नाही. तुम्ही तोडा, मी पुन्हा बांधेन. उद्या तोडा, परवा बांधेन. माझ्याकडं तार भरपूर आहे."

"मला धमकी देतेस?"

"हो."

तार फेकावी म्हणून त्यानं हात उगारला आणि आवाज परत आला. हात खाली, खरखर. हात वर, पोरगी. ती बाजारभाव सांगत होती, मग हवामान. उद्या ऊन वाढेल म्हणाली, आणि मध्येच खोकली.

तो हात वर धरून उभा राहिला. गालावरचा फेस वाळून पांढरा पडला. शेजारीण कुंपणापाशी येऊन बघून गेली, तरी हात खाली आला नाही.

मग तो म्हणाला, "तिला खोकला झालाय."

"झाला असेल," बायको म्हणाली. "विचारणारं कोण आहे तिथं?"

हात दुखायला लागला तेव्हा त्यानं तार दुसऱ्या हातात घेतली आणि तो वर केला.