डूलनची चाल

"कानाले हात काऊन लावला तू?" वासुदेवराव कडाडले. "साऱ्या वर्ध्यासमोर! गोऱ्याचं नाव घेऊन!"

सेलूच्या मारुतीच्या पारावर भजनी मंडळ बसले होते, पण टाळ अजून पिशवीतच होते. नत्थूजी मांडीवर बासरी आडवी ठेवून मान खाली घालून बसला होता. आदल्या दिवशी वर्ध्याच्या भजनस्पर्धेत सेलूच्या मंडळाने मैदान मारले. परीक्षकांनी विचारले, ही चाल कोणाची? मंडळाचे प्रमुख वासुदेवराव मिशीतल्या मिशीत हसत होते, आणि या महाभागाने कानाची पाळी धरून सांगून टाकले, "माह्ये गुरू, रेल्वेचे डूलन गार्डसाहेब." मंडपात हशा पिकला. झाले! पहिला नंबर गेला बाजूला, आणि सेलूचे नाव टवाळीचे झाले.

"गुरूचं नाव घ्याच लागते," नत्थूजी म्हणाला. "डूलनच्या लोकाईत बी तसंच हाय. थे लोकं चाल कागदावर लिवत नाई. कानानं घेतेत, अन् वाजवाच्या आंधी सांगतेत, अमक्यापासून मिळाली."

इंग्रजांच्या राज्यात नत्थूजी वर्ध्याच्या यार्डात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला होता. मालगाडी अडकून पडली की डूलन ब्रेकच्या डब्यात बसून पत्र्याची सहा भोकांची बासरी वाजवायचा. त्याच्या आयर्लंडातली नाचाची चाल ती. पहिला भाग दोनदा, मग दुसरा वर चढून दोनदा, आणि सहा मात्रांवर घोळत घोळत पुन्हा आरंभाला. नत्थूजीने ती वेळूच्या बासरीवर उतरवली, संथ केली आणि तिच्यावर विठ्ठलाचा अभंग बसवला. सहा वर्षे सारे सेलू तिच्यावर डोलत होते, तेव्हा कोणाला गोऱ्याचा वास आला नव्हता हो!

"डूलन इंग्रज नोयता," नत्थूजी म्हणाला. "आयरिश होता. त्याईच्या बी मुलखावर इंग्रजायचंच राज होतं."

"असं?" वासुदेवरावांनी उजवे मनगट पुढे केले. बेचाळीसच्या लाठीने ते मोडले होते, वाकडेच जुळले होते. त्या हातातला मृदंग तेव्हाच सुटला. "हे ज्याईनं मोडलं, थे पोलीस कोनाच्या गाडीतून आलते? हिरवी झेंडी कोनं दाखवली होती?"

खोटे बोलणे नत्थूजीला कधी जमलेच नाही.

"डूलननंच," तो म्हणाला. "अन् सांधा म्या जोडून देल्ला होता."

आता मंडळाचा मृदंग वाजवणारा तानबा उठलाच. "अबे, अन् हे तोंड घेऊन आमच्यात बसतं?"

वासुदेवरावांनी त्याला हाताने थांबवले. त्यांचा आवाज आता थंड होता, आणि तोच जास्त झोंबला. "नत्थू, एक गोष्ट कर. म्हन, चाल माही सोताची हाय, काल चुकून बोललो. मी वर्ध्याले पत्र धाडतो. नाई तं उद्यापासून पाराची पायरी चढजो नको."

बावीस वर्षे त्या पारावर तो बसला होता. बायको सोडली तर त्याचे जे काही होते ते तिथेच होते. त्याने बासरी उचलली, मारुतीला नमस्कार केला आणि पायऱ्या उतरला.

"मोठे हरिश्चंद्र लागून गेले!" घरी त्याची बायको देवकाबाई कडाडल्या. "मेल्या गोऱ्यासाठी गाव तोडलं! एक शब्द बोलले असते तं जीभ झडली असती काय?"

शनिवारी संध्याकाळी मंडळ पारावर बसले; आवाज नत्थूजीच्या घरापर्यंत येत होता. अभंग तोच, चाल जुनी, नत्थूजीच्या आधीची. दोनदा उचलली, दोनदा पडली. तिसऱ्यांदा गळे आपोआप डूलनच्या चालीत घसरले. वासुदेवरावांचाच आवाज सगळ्यांच्या वर होता. दुसरा भाग त्यांनी बरोबर दोनदा घेतला.

"आइका," देवकाबाई लगबगीने म्हणाल्या, "तुमचीच चाल हाय. आता बलावाले येतीन. सदरा घाला."

नत्थूजीने धुतलेला सदरा घातला आणि दाराशी बसला. अभंग संपला. आरती झाली. हसत-बोलत माणसे घरोघर निघाली, दारावरून गेली. कोणी वळून पाहिले नाही.

"नाव घेतलं काय वं कोनी?" त्याने विचारले.

"कोनाचं?"

"डूलनचं."

देवकाबाईंचा राग कुठे गेला कोण जाणे. त्या नुसत्या 'नाई' म्हणाल्या.

नत्थूजीने सदरा काढला, नीट घडी केली आणि पेटीत ठेवून दिला.