भंडाऱ्याचे कागद

देवाला लावतात तो भंडारा कागदालाही लावला की धंद्याला बरकत येते, अशी म्हस्कूआबांची पक्की समजूत. सणसरच्या मेंढपाळ घरांनी मिळून घोंगड्यांची कंपनी काढली, तेव्हापासून दर दसऱ्याला आबा स्थापनेचे सरकारी कागद देवळीतून काढायचे आणि भंडारा उधळायचे. शेवटच्या पानावर जरा जास्तच, कारण तिथं त्यांच्या कारभारणीचा, नकोशीचा अंगठा होता.

काय दिवस होते ते! कंपनीला दहा सभासद हवे होते आणि नवावर गाडी अडली होती. जन्मभर लोकर कातलेली नकोशी पदर खोचून पुढं आली.

"माझा घ्या की अंगठा. कातती मीच न्हवं?"

ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो ठसका आठवला की आबांना हसू यायचं आणि लगेच डोळेही भरायचे.

आता कंपनीचं सगळं नात स्वराली बघते. यंदा परदेशातून घोंगड्यांची मोठी मागणी आली. गिऱ्हाइकानं आधी कंपनी नोंदलेली असल्याचा पुरावा मागितला. स्वरालीनं देवळीतले कागद काढले, तर पानं एकमेकांना चिकटलेली, शिक्का पिवळा आणि अंगठ्याच्या जागी नुसता डाग.

"आबा, ह्ये कुणाला दाखवायच्या लायकीचं न्हाय ऱ्हायलं."

आबांनी त्या डागावरून बोट फिरवलं. घरात नकोशीचा एक फोटोसुद्धा नव्हता. होती ती एवढीच खूण, आणि ती आपल्याच हातानं पुसली, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

स्वरालीनं पुण्याच्या कंपनी निबंधकांकडं प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला. पोस्टानं पाकीट आलं; पानापानावर सही-शिक्का. आबांनी थेट शेवटचं पान उघडलं. अंगठा जसाच्या तसा होता. मेंढरं कातरताना लागलेल्या कातरीची आडवी रेघही त्यात उमटली होती. सवयीनं त्यांचा हात भंडाऱ्याच्या पिशवीत गेला.

"लावू नगा, आबा. गिऱ्हाइकाला धाडायचीय."

"ही मी देत न्हाय. जाऊ दे ती मागणी."

"आवं, अर्ज केला की आणखी मिळती. मूळ नोंद सरकारजवळ हाय."

"म्हंजी तिचा अंगठा तितं जपून ठेवलाय?"

"व्हय."

आबांनी पान डोळ्यांजवळ नेलं, मग पोरीच्या हातात दिलं. मुठीतला भंडारा स्वतःच्याच कपाळाला लावला.

"धाड मग. माझ्यापरास सरकारनंच बरं सांभाळलं तिला."