मामाने तपासलेली गाडी

स्कॅनर ब्याण्णव टक्क्यांवर अडला तो अडलाच. सकाळी नऊला अपडेट लावलेलं, साडेदहा वाजले तरी पडद्यावर तोच आकडा आणि तीच हिरवी पट्टी. ताईने चार्जर बदलला, वाय-फाय बदललं, एकदा चांगली सणसणीत शिवीही हासडली, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

ताई गाड्यांची इलेक्ट्रिशियन. बाजारात तिला फ्यूजताई म्हणायचे, कारण गाडी कुठलीही असो आणि मालक केवढाही मोठा असो, तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "फ्यूज बघितलात का?" शेडच्या डाव्या अर्ध्यात तिचं काम, उजव्या अर्ध्यात तिच्या मोठ्या भावाचं. इंजिन, ब्रेक, क्लच दादाकडे. वायर, सेन्सर, दिवे तिच्याकडे. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्या वेळी तिच्या हातात टेस्टर देऊन तिला उभं केलं ते दादानेच. हे ती विसरली नव्हती आणि दुसऱ्या कुणाला विसरूही देत नसे.

आणि स्कॅनर म्हणजे हातात मावणारं यंत्र. त्याची पिन स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचली की कुठे काय दुखतंय ते गाडी स्वतःच सांगते. तो नसेल तर सगळा कारभार आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. म्हणून ताईने शेवटी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

आधी गाणं, मग जाहिरात, मग एक दाबा, दोन दाबा. नमनालाच घडाभर तेल! अखेर एक माणूस बोलला.

"मॅडम, अजिबात घाबरू नका."

"मी घाबरले नाहीये, वैतागलेय. उंटावरून शेळ्या हाकू नका, काय दाबायचं ते सांगा."

माणूस चांगला होता, हसला. पॉवरचं आणि खालच्या बाणाचं बटण एकत्र पंधरा सेकंद दाबून धरा म्हणाला. ताईने धरलं. पडदा काळा झाला, थरथरला आणि जुनं व्हर्जन सुरू झालं.

"आता मेमरी बघा. किती रिकामी आहे?"

"दोन टक्के."

"मग अपडेट मावणार कुठे, मॅडम? तुम्ही जुने रिपोर्ट कधी पुसलेच नाहीत का?"

खरंच पुसले नव्हते. कुठलीही गाडी तपासली की स्कॅनर तिचा नंबर, तारीख, वेळ आणि सापडलेला दोष जपून ठेवतो, एवढं ताईला माहीत होतं. पण त्या यादीत ती कधी शिरली नव्हती. कामं उरकता उरकता दिवस जायचा, दप्तर कोण चाळत बसणार?

"गाडीच्या नंबराप्रमाणे यादी लावा," तो म्हणाला. "ज्या गाडीचे जास्त रिपोर्ट आहेत ती वर येईल. तिथूनच पुसायला सुरुवात करा."

तिसऱ्या ओळीत एक नंबर होता. दहा रिपोर्ट. तो नंबर बघून ताईचं बोट थांबलं. तो तिच्या लेकीच्या गाडीचा होता.

लेक फिजिओथेरपिस्ट, घरोघरी पेशंट बघायला जाणारी. घरात सगळे तिला चिऊ म्हणायचे, अजूनही. सतरा दिवसांपूर्वी तिच्या मामाने, म्हणजे दादाने, तिला ही गाडी मिळवून दिली होती. "एका म्हाताऱ्या डॉक्टरची आहे. घर ते दवाखाना, एवढीच फिरलेली. मी स्वतः तपासलीय, डोळे झाकून घे." पोरीने घेतली. मामाच म्हणतोय म्हटल्यावर प्रश्नच कुठे येतो? ताईने त्या गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. मग तिच्या स्कॅनरमध्ये ह्या गाडीचे दहा रिपोर्ट आले कुठून?

"झालं का मॅडम? सगळे सिलेक्ट करा आणि डिलीट दाबा."

"थांबा जरा."

दहाही रिपोर्ट एकाच दिवसाचे होते. जावेचं डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ताईने शेड बंद ठेवली होती, तो दिवस. किल्ली दोघांकडे, एक तिच्याकडे आणि एक दादाकडे. तिने पहिला रिपोर्ट उघडला. ड्रायव्हरची एअरबॅग: सर्किट तुटलेलं. पुढे दोष पुसल्याची नोंद. दुसरा उघडला. एअरबॅग: रोध जास्त, दहा ओहम. पुसलं. मग सहा पॉइंट आठ, पुसलं. चार पॉइंट सात, पुसलं. तीन पॉइंट तीन...

दुसऱ्या कुणाला हे नुसते आकडे वाटले असते. पण तिच्या मागच्या फळीवर प्लास्टिकचे छोटे खण होते, त्यात तांदळाच्या दाण्याएवढे रेझिस्टर, म्हणजे करंटला ठरावीक रोध करणारे तुकडे, आणि प्रत्येक खणावर तिच्याच अक्षरात हेच आकडे लिहिलेले. दहा, सहा पॉइंट आठ, चार पॉइंट सात. गाडीचा कॉम्प्युटर एअरबॅगमधून बारीकसा करंट सोडून बघतो. दोन-सव्वादोन ओहम रोध मिळाला की बॅग जागेवर आहे असं समजतो आणि दिवा विझवतो. मग तो रोध खऱ्या बॅगचा असो की एखाद्या दीडदमडीच्या रेझिस्टरचा, त्या बिचाऱ्याला काय कळणार!

दहावा रिपोर्ट: दोन पॉइंट दोन. दोष नाही.

म्हणजे लेकीच्या छातीसमोर, त्या स्टिअरिंगमध्ये, बॅगच नव्हती. होता एक तांदळाचा दाणा.

"मॅडम, ऐकताय ना? डिलीट—"

"नाही करणार," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने लगेच चिऊला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पेशंटजवळ असली की पोर फोन पर्समध्ये ठेवते. दुसरा पेशंट हायवेच्या पलीकडे, अकराच्या सुमाराला ती तिकडे निघते. अकराला दहा मिनिटं होती. चौथ्यांदाही तिने फोन उचलला नाही, तेव्हा ताई स्कॅनर घेऊन उजवीकडे गेली.

दादा एका गाडीचा ब्रेक खोलून बसला होता.

"काय गं, झालं तुझं अपडेट?"

तिने स्कॅनर त्याच्यासमोर धरला. दादाने नंबर वाचला, हात पुसले, पुन्हा वाचला.

"अगं, त्याचा सेन्सर जरा—"

"दादा, मला नको शिकवू. हे माझ्याच खणातले रेझिस्टर आहेत. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

दादाला स्कॅनर चालवायला शिकवलं होतं तेही तिनेच, पण कामापुरता. दोष कसा बघायचा आणि कसा पुसायचा, एवढंच. यंत्र मागे सगळं जपून ठेवतं हे तिने कधी सांगितलंच नव्हतं.

"कुणा डॉक्टरची होती गाडी?"

"लिलावातली होती," तो खालमानेने म्हणाला. "ठोकलेली. बाकी सगळं मी नीट केलंय, देवाशपथ. इंजिन बघ, ब्रेक बघ. बॅग तेवढी राहिली. लोक वर्षानुवर्षं बॅगशिवाय चालवतात, काही होत नाही."

"मग विकायची होतीस त्या लोकांना! माझी पोरच सापडली तुला?"

"दोन गिऱ्हाइकं आली होती. दोघांनी स्वतःचा मेकॅनिक आणला." तो बोलायचा थांबला, पण ताई हलेना. "बाहेरचा माणूस मशीन लावून, स्टिअरिंग खोलून बघितल्याशिवाय घेत नाही गं आता."

"आणि चिऊ बघणार नव्हती."

दादाने फडकं उचलून पुसलेले हात पुन्हा पुसले.

"आणि मीही बघणार नव्हते. हेच ना?"

"तू माझ्यावर कधी संशय घेतला नाहीस," दादा म्हणाला. त्याने ते असं सांगितलं, जसं काही हा सगळा तिच्याच कौतुकाचा भाग होता.

कुंपणाने शेत खाल्लं असं लोक म्हणतात. पण इथे कुंपणाने आधी हिशेबही मांडला होता, की या शेताला राखण नाही. ताईला राग आला, इतका की तिला त्या उघड्या ब्रेकचा ड्रम उचलून फेकावासा वाटला. आणि त्याहून जास्त तिला रडू येत होतं, ते तिने गिळलं.

फोन वाजला. चिऊ.

"आई! चार मिस्ड कॉल? काय झालं?"

"गाडी कुठे आहे?"

"बसलेय गाडीत, निघतेच आहे. का गं?"

दादा उठून जवळ आला. त्याने हात जोडले होते. "मला सांगू दे," तो हळूच म्हणाला. "माझं मला सांगू दे तिला. एवढं कर."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खरंखुरं. निदान एवढं तरी त्याच्या तोंडून होऊ दे, असं तिला वाटलं. तिने फोन स्पीकरवर टाकून त्याच्या हातात दिला.

दादाने घसा खाकरला.

"काय म्हणतात चिऊताई? काही नाही गं, तुझ्या आईचं माहितीय ना, राईचा पर्वत! एक छोटासा सेन्सर आहे. संध्याकाळी येताना शेडवर घेऊन ये, मामा दहा मिनिटांत करून देतो. तोवर चालव तू, बिनधास्त."

"हुश्श! मी म्हटलं काय झालं. थँक यू हं, मामा."

त्याचा आवाज कुठेही कापला नव्हता. तो गोड होता, मोकळा होता, सतरा दिवसांपूर्वी होता अगदी तसाच. ताईने रिपोर्ट पाहिले नसते तर याही वेळी तिने त्यावर विश्वास ठेवला असता. तिकडे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

तिने फोन हिसकावून घेतला.

"चिऊ, गाडी बंद कर. खाली उतर."

"अगं पण मामा आत्ताच—"

"मामा खोटं बोलला. आत्ता, माझ्यासमोर उभा राहून. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग नाहीये. उतर आधी, मी तुला न्यायला येतेय."

इंजिन बंद झालं. दार उघडलं, लागलं. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"आई," चिऊने विचारलं, "तू बघितली होतीस ना गं ही गाडी?"

"नाही, बाळा," ताई म्हणाली. "दादाने बघितली होती."